रिकिबीवरची पहिली मांड

घोड्याला पंख होते, त्याबद्दल सटवाजी जिनगराची काहीच तक्रार नव्हती. घोडा चंद्रावर जात होता, तेही त्याला मान्य होतं. पण राजा चंडप्रतापाने स्वतः लिहिलेली अद्भुतकथा भर दरबारात वाचली, "वीराने खोगिरात पाय अडकवले, रिकिबीवर मांड ठोकली आणि घोडा उडाला!" तेव्हा मात्र त्याच्या तोंडून निघून गेलं, "महाराज, उलट झालं! बसायचं खोगिरावर. रिकीब म्हणजे पाय ठेवायची लोखंडी कडी!"



राजाच्या मिशा थरथरल्या. "चंद्रावर जाणाऱ्या घोड्याला तुझे नियम? माझ्या कथेत मी म्हणेन ते खरं! दसऱ्याच्या मिरवणुकीत वीर मीच होणार. पोथीत लिहिलंय तस्संच सामान बनव. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर अवजारं इथंच ठेवून गावाबाहेर चालता हो!"

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "ठकू, चाळीस वर्षं खोगिरं शिवली. आता या वयात कुठं जाऊ? असल्या सामानावर माणूस बसायचा कसा?"

त्याची मुलगी ठकू दोऱ्याला मेण लावत होती. "बनवणं सोपं आहे, बाबा. बसणं अवघड. बरं, नव्या खोगिरावर पहिली मांड कुणाची?"

"मालकाची. सगळ्यांदेखत. मालक बसून 'ठीक' म्हणेपर्यंत जिनगर सामान सोडत नाही. माझ्या आजोबांपासूनची रीत आहे ती."

"मग झालं तर!" म्हणत ठकू चामडं कापायला बसली.

दसऱ्याला सगळा गाव लोटला. राजाची मैना घोडी कागदी पंख लावून उभी होती. पाठीवर पट्ट्यांनी पक्की बांधलेली एक लोखंडी कडी आणि पोटाखाली झोळीसारखं लोंबणारं खोगीर!

"हे काय?" राजा ओरडला.

"पान पहिलं, ओळ चौथी," ठकूने पोथी पुढे केली. "एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आता रीतीप्रमाणे पहिली मांड, महाराज!"

गाव टक लावून बघत होता. माघार कशी घेणार? राजा शिडीवरून चढला आणि कडीवर टेकला.

"आई गं!"

"पाय खोगिरात, महाराज!"

पाय पोचेनात. राजा वाकला, ताणला, लोंबकळला. एक पाय कसाबसा खोगिरात कोंबला, तोवर मुकुट मैनेच्या कानात जाऊन अडकला. मैनेच्या पोटाला गुदगुल्या झाल्या. ती गर्रकन वळली आणि चंद्राऐवजी थेट गवताच्या गंजीकडे सुटली!

"थांबव! अगं, थांबव तिला!"

"तुम्ही 'ठीक' म्हणा, लगेच थांबवते!"

"ठीक कसलं डोंबलाचं! बूड सोलून निघालं माझं!"

धप्प! महाराज गंजीत. हसायची कुणाची छाती होईना. गवतातून राजाचं डोकं वर आलं. "पोरी, खरं सांग. पंख ऐकून तुझा बाप बोलला नाही, चंद्र ऐकूनही बोलला नाही. मग एवढ्याशा कडीवरच का अडला?"

"महाराज, चंद्रावर आमच्यातलं कुणी गेलेलं नाही. तिथलं तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू. पण घोडा आमच्या दारातून निघतो. दारातच वाट चुकलेल्या वाटाड्यामागून चंद्रापर्यंत कोण येणार?"

राजाने तिच्याकडे पाहिलं, बूड चोळलं आणि असा खदखदून हसला, की मिशांतलं गवत उडालं. "सटवाजी, आजपासून घोडदळाची सगळी खोगिरं तूच शिवायची! आणि ठकूला भरजरी लुगडं! शिवाय माझी पोथी आधी ही वाचणार, मग दरबार!"

ठकूने तिथंच पान उलटलं. दोन ओळी वाचल्या आणि हाक मारली, "अहो, तलवारीला धार लावणाऱ्या काकांना बोलवा कुणीतरी! महाराज म्यानानं राक्षसाचं मुंडकं उडवताहेत!"

महाराज हसत हसत पुन्हा गंजीत आडवे झाले.