फाटलेले कान

"मग मला मुद्रा कधी देणार, बाबा?"

दिगंबर घडशीनं पायरीवर बसल्या बसल्या विचारलं. मंगळनाथबाबा धुनीत शेणी सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

कोरजाईच्या डोंगरावर, कातळात कोरलेल्या गुहेच्या तोंडाशी बाबांचा मठ होता. मठ म्हणजे पत्र्याची एक पडवी, ही धुनी आणि दोन शेळ्या. बाबा कानफाटे जोगी. दोन्ही कान मधोमध चिरून त्यांत जाड काळी कुंडलं घातलेली. त्या कुंडलांनाच मुद्रा म्हणतात. गुरूनं आपल्या हातानं कान फाडून दिली तरच ती मिळते, एरवी नाही.

आणि दिगंबर म्हणजे त्या मुलखातला एक नंबरचा ताशेवाला. लग्नाची वरात असो, जत्रा असो की गणपतीची मिरवणूक, त्याचा ताशा कडाडला की पार्टीतले ढोल आपसूक ओळीत यायचे. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तोच सांगायचा.

"मुद्रा कशाला हवी तुला?"

"नाद उघडलाय माझा."

"कसला?"

"अनाहत. न वाजवता वाजतो त्यो." दिगंबर पुढं सरकला. "जत्रंत एका कीर्तनकारांनी सांगितलं. योग्याला आधी रातकिडं ऐकू येत्यात, मग घंटा, मग शंख. मला रातकिडं यायला लागून वरीस झालं, बाबा. भर दुपारी, उन्हातान्हात. आता त्याच्या मागनं एक बारीक शिट्टीबी लागलीया."

"कधी थांबतो?"

"थांबतच न्हाई. त्येच तर."

बाबांनी राख सारखी केली.

"आणखी काय बदललं?"

"घर शांत झालं. बायको आधी दिवसभर कायबाय बोलत असायची. आता बोलतच न्हाई. गावातली माणसंबी हळू बोलाया लागलीत, पुटपुटल्यागत. माझ्यामुळं आसंल... साधनेचा गुण लागतो म्हणत्यात आसपासच्यांना."

आता बाबांनी मान वर केली. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नव्हे, कानांकडे.

"तुझे कान तर फाटलेच आहेत, दिगंबर."

एवढ्या लवकर, एवढ्या सहज बाबा हे कबूल करतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाबांनी पाय मागे घेतले.

"आत चल."

गुहेचं तोंड अरुंद होतं. आत चार पावलांवर कातळ वळायचा आणि वळणापलीकडं भर दुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. बाबांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः समोर जाऊन बसले. कुंडलं एकदा किणकिणली असावीत. दिगंबरला ती ऐकू आली नाहीत.

"काय ऐकू येतं?"

"नाद."

खरंच येत होता. बाहेरच्या उजेडात तो निदान एका कोपऱ्यात असायचा. इथं त्याला कोपराच राहिला नव्हता. हजारो किडे एकदम किर्र करत होते, आणि त्यांच्या आरपार सुईत ओवल्यासारखी ती शिट्टी. भिंती नव्हत्या, छत नव्हतं. दिगंबरच्या अंगावर काटा आला आणि त्याला त्याचा अभिमानही वाटला.

"आणखी?"

"आणखी काय न्हाई."

"इथे किती जण आहेत?"

हा काय प्रश्न झाला, असं त्याला वाटलं.

"दोघं. तुमी आणि मी."

"नीट ऐक."

त्यानं श्वास रोखला. कान ताणले. किडे, शिट्टी... किडे.

"दोघंच, बाबा."

तेवढ्यात त्याच्या मानेवर काहीतरी ऊन ऊन लागलं.

वटवाघूळ असेल, त्याला वाटलं. पण ते उडालं नाही. थोडा वेळ गेला आणि पुन्हा लागलं. श्वास होता तो. त्याला मिश्रीचा वास होता.

दिगंबर दगडासारखा झाला.

"बाबा... तुमी कुठं हाय?"

"समोर."

आवाज समोरूनच आला.

ऊन श्वास आता कानाच्या पाळीवर होता. थांबून थांबून येत होता, कुणी एक एक शब्द मोजून बोलावं तसा. पण शब्द नव्हता. नुसती वाफ.

"बाबा, काडी वढा. पाया पडतो, काडी वढा."

काडी ओढली गेली.

त्याच्या कानाला तोंड लावून एक म्हातारी बसली होती. डोईवर पांढरा पदर, डोळे त्याच्यावर रोखलेले. ओठ हलत होते. मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. आवाज मात्र नव्हता.

दिगंबर सरपटत कातळाला जाऊन टेकला.

"ह्यी... ह्यी जिती हाय का?"

"गोदूमाय आहे," बाबा म्हणाले. "मठात झाडलोट करते. आपल्या आधीच येऊन बसली होती. तू बसल्यापासून तुला नावानं हाक मारतेय."

"मुकी हाय?"

"नाही."

काडी बाबांच्या बोटांपर्यंत आली. त्यांनी त्याच काडीनं पणती लावली. म्हातारीनं पुन्हा ओठ हलवले, या वेळी जरा सावकाश. दिगंबर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिला. दि... गं... बर. बघता बघता त्याला वाटलं की काहीतरी ऐकू येतंय, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं. त्यानं डोळे मिटले. ते गेलं. उघडले. आलं.

"हळू बोलते ती," बाबा म्हणाले. "बाई चुलीपाशी, पाठमोरी बसून आपल्या माणसाशी बोलते ना... तेवढंच."

दिगंबरला आपली बायको शालन आठवली. भाकरी थापता थापता, मागं न बघता काही ना काही विचारायची. मग विचारून मागं वळून बघायला लागली. मग चिडायला लागली. एकदा भाकरी तव्यावर करपू देऊन नुसतीच रडली होती, का ते त्याला कळलं नव्हतं. आणि मग सगळं शांत झालं होतं. ती शांतता त्यानं गावभर मिरवली होती.

गोदूमाय उठून बाहेर गेली. जाताना तिचा हात त्याच्या डोक्यावरून फिरला. तोही त्याला झेपला नाही.

"मग ह्ये किडं?" त्यानं विचारलं. "ह्ये आत वरडतंय, ह्ये काय हाय?"

"माळावर गवत असतं. त्याच्यावरनं एकदा मिरवणूक गेली तर गवत दबतं आणि सकाळी उठतं. रोज गेली तर?"

"पायवाट पडती."

"पायवाटेवर गवत उगवतं?"

दिगंबरचा हात कानाकडं गेला. प्रत्येक वरातीनंतर कानांत बोळे घातल्यागत व्हायचं, दुसऱ्या दिवशी मोकळं व्हायचं. मग दोन दिवसांनी मोकळं व्हायला लागलं. मग झालंच नाही. आणि तेव्हापासून किडे. ते कधी आले हे त्याला बरोबर आठवत होतं. एकावर एक स्पीकर रचलेल्या साऊंडच्या भिंतीपुढं, तिला हरवायचं म्हणून तो दिवसभर ताशा बडवत होता. लोकांनी खांद्यावर घेतलं होतं.

"पण आवाज कशाचा? गवत गेलं तर गप बसाया पायजे."

"ओसाड घर कधी गप असतं?"

पणती फडफडली. दिगंबरला पहिल्यांदाच त्या नादाची भीती वाटली. एवढे दिवस देव आत आला म्हणून तो डोकं जपून चालत होता. आता त्या डोक्यात कोण बसलंय ते त्याला बघवेना.

"गेलेलं माघारी येईल?"

"नाही."

"मग मी ताशा सोडू? बापानं ह्योच दिलाय. दुसरं काय येत न्हाई मला."

"सोड म्हटलं मी?"

बाबा उठले. बाहेर येऊन त्यांनी करवंटीतलं पोळ्याचं मेण घेतलं, धुनीशी धरून मऊ केलं, त्यात कापूस मळला. दोन गोळ्या वळल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"वाजवताना घाल. आणि त्या साऊंडच्या भिंतीपासून लांब राहा."

दिगंबर गोळ्यांकडं बघत राहिला.

"कानांत बोळं घालून ताशा? लोकं हसतील, बाबा."

"ऐकू येईल तुला?"

गणपती बसले, आणि विसर्जनाचा दिवस आला. तालुक्याच्या पेठेत दुपारपासून मंडळं लागली होती. पार्टीतला मोठ्या ढोलाचा सर्जेराव दिगंबरच्या कानांकडं बघून पोट धरून हसला.

"काय रं, ताशेवाला बहिरा झाला?"

"झालाय," दिगंबर म्हणाला.

सर्जेराव हसायचा थांबला.

मेण कानांत गेलं आणि पेठ लांब गेली. आतले किडे तेवढे मोठे झाले. पहिल्यांदा छड्या टाकताना त्याला आपला हात आपला वाटेना. मग तो मनगटांतून ऐकायला लागला, कातड्यावरनं उसळून येणाऱ्या छडीतून. हळूहळू ताशाही आला, दुसऱ्या खोलीत कुणी वाजवावा तसा, पण अक्षर अन् अक्षर सुटं.

चौकात साऊंडची भिंत उभी होती. मंडळाची पोरं त्याला पुढं ओढत होती, मागच्या वर्षीसारखं भिडायचं म्हणून. दिगंबरनं मान हलवली आणि पार्टी घेऊन भिंतीच्या मागं, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला.

तिथून त्यानं चौकाकडं पाहिलं.

शेकडो माणसं नाचत होती. प्रत्येकाचं तोंड उघडं होतं. कुणी मित्राच्या कानाला लागून काही सांगत होता, मित्र मान डोलवत होता, आणि दोघांनाही दुसऱ्याचं काही ऐकू येत नव्हतं हे त्याला लख्ख दिसलं. एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन हाक मारत होती, कुणाला ते कळत नव्हतं. तिचे ओठ मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. कुणी वळत नव्हतं. सगळा चौक गुहेतल्यासारखा.

दिगंबरच्या छड्या थांबल्या. सर्जेरावनं कोपरखळी मारली तेव्हा कुठं तो भानावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंथरुणातच डोळे मिटून आत कान दिला. मागच्या विसर्जनानंतर आत जत्रा भरली होती. आज किडे होते तेवढेच होते. एकही वाढला नव्हता.

तो उठून चुलीपाशी गेला. शालन पाठमोरी होती. तो वळसा घालून तिच्यासमोर बसला, तिचं तोंड दिसेल असा.

"काय बोलत हुतीस?"

"मी कुठं काय बोलले?"

"मग बोल."

शालननं त्याच्याकडं पाहिलं. पीठ तसंच परातीत राहिलं. ती बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलत राहिली. काही शब्द त्याला ओठांवरून मिळाले, काही निसटले. निसटलेले त्यानं पुन्हा विचारले. तिनं पुन्हा सांगितले.

त्यानंतर किती तरी दिवसांनी तो कोरजाईला गेला. मुद्रेचा विषय त्यानं काढला नाही. बाबांच्या अगदी समोर, उजेडात बसला.

"हाय तेवढंच हाय, बाबा. वाढलं न्हाई."

बाबांनी मान हलवली.

धुनीचा धूर वर जाऊन गुहेच्या तोंडात शिरत होता. वारा नव्हता, तरी धूर आतच ओढला जात होता. दिगंबर ते बघत राहिला. आतून कुणीतरी श्वास घेतंय असं त्याला वाटलं, पण ते तो बोलला नाही.

"एक इचारू? त्यो खरा नाद. न वाजवता वाजतो त्यो. तुमाला ऐकू येतो?"

बाबांनी डोळे मिटले. गुहेकडं किंचित कान केला. धूर वाकला, सरळ झाला...

"येतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच त्या नादानं मला तुझ्याबद्दल विचारलं, दाराशी हा कोण बसलाय."