रात्रीची सरासरी

एकदा एक गाव आपली झोप विकायला निघालं होतं. गावाला अर्थातच तसं वाटत नव्हतं. आपण प्रगतीला हातभार लावतो आहोत, असं गावाला वाटत होतं. पदरचं काही घालवताना माणसाला बहुधा असंच काहीतरी थोर वाटत असतं.

हे गाव एका मोठ्या शहराच्या विमानतळाला खेटून होतं. धावपट्टीसाठी गावाने आपलं गायरान दिलं, तेव्हा जुन्या माणसांनी एकच अट घातली होती. रात्री अकरा ते पहाटे पाच विमान उडणार नाही आणि उतरणारही नाही. ती अट बरीच वर्षं पाळली गेली. मग विमानं वाढली, दिवस अपुरा पडू लागला, आणि विमान कंपनीच्या मालकांची नजर रात्रीकडे वळली. गाव त्यांना शेठ म्हणे. शेठ हात जोडून आणि गोड बोलत. त्यांनी आधी महिनाभर ‘प्रयोग’ म्हणून रात्रीची विमानं उडवली आणि मग सांगितलं, की ग्रामसभेने हात वर केले तर ती अट कायमची सुटेल. बदल्यात घराघराच्या खिडक्यांना दुहेरी काचा आणि गावाला नवं सभागृह मिळणार होतं.

सरपंच होता रंगनाथ. तरुण, शिकलेला, स्वभावाने सरळ. प्रयोगाच्या महिन्यात त्याचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. विमान डोक्यावरून जायला कितीसा वेळ लागतो? पण ते गेल्यावर तो पुढच्याची वाट पाहत छताकडे बघत पडून राही, आणि तो जाच मोठा होता. गावात माणसं क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली होती. दूध घालणाऱ्या भिकोबाला पहाटे मोटरसायकलवर डुलकी लागली, तो किटल्यांसकट ओढ्यात गेला आणि हात मोडून घेऊन आला.

एवढं होऊनही रंगनाथ शेठच्या बाजूला झुकला. शेठनी एक तज्ज्ञ आणला होता. तज्ज्ञाचं म्हणणं असं, की रात्रभराच्या आवाजाची सरासरी काढली तर ती दोन माणसांच्या दबक्या बोलण्याएवढीच भरते. रंगनाथ गणितात हुशार. त्याने तो हिशेब स्वतः तपासून पाहिला, चूक सापडेना. तेव्हा चूक आपल्या कानांचीच असावी, असं त्याने ठरवून टाकलं. आकडा समोर आला, की शहाणा माणूस किती चटकन मान तुकवतो, याचं मला नेहमीच नवल वाटतं.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी तो गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणजे त्याला शाळेत गणित शिकवलेले वृद्ध गृहस्थ. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि म्हणून ते फार थोडं बोलत.

“गुरुजी, आज संध्याकाळी मी संमतीच्या बाजूने बोलणार आहे,” रंगनाथ म्हणाला. “मी बोललो की गाव मागे येईल. तुमचा आशीर्वाद हवा.”

“सरासरी तपासलीस?”

“तपासली. बिनचूक आहे. सरासरी तुम्हीच तर शिकवलीत मला.”

“शिकवली खरी. कुठे वापरायची नाही, ते आज शिकवतो. दुपारी शेठना घेऊन जेवायला ये.”

दुपारी पाट मांडले गेले. गुरुजींच्या सुनेने पानं वाढली. आपल्याकडे पानात पहिलं वाढतात ते मीठ. आज ती जागा कोरीच राहिली. रंगनाथच्या ते लक्षात आलं, पण गुरुजींच्या घरी वाढपातली चूक काढायची कुणी? त्याने वरणभाताचा घास घेतला आणि तो थबकला. भात अळणी, वरण अळणी. भरल्या वांग्यात मसाला होता, तेल होतं, मीठ तेवढं नव्हतं. कढीचीही तीच गत. गुरुजी मात्र निर्विकारपणे जेवत होते. शेठ घास गिळत “वा, रुचकर आहे” म्हणत होते, कारण संध्याकाळी त्यांना गावाचे हात वर झालेले हवे होते.

शेवटी शेठच्या पानात एक कोथिंबीरवडी आली. खमंग तळलेली, कडेने लालसर. शेठनी ती अख्खी तोंडात टाकली. त्यांचे डोळे विस्फारले, आणि तोंडावर हात धरून ते थेट मोरीकडे धावले.

रंगनाथ शरमेने अर्धा झाला. “गुरुजी, दारी आलेल्या पाहुण्याशी असं वागायचं?”

चूळ भरभरून शेठ परतले, तेव्हा त्यांचा गोडवा पार उतरला होता. “वडीत मीठ घातलंय की विष?”

“मीठच आहे,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या वाटणीच्या जेवणाला जेवढं लागतं तेवढंच, चिमूटभरही जास्त नाही. ते सगळं एका वडीत आलं, इतकंच. पूर्ण जेवणाची सरासरी काढा, शेठ. मीठ अगदी प्रमाणात आहे.”

गुरुजी रंगनाथकडे वळले.

“अरे, माणूस सरासरीने जागा होत नाही. तो एका विमानाने जागा होतो. मग पुढची घटकाभराची शांतता त्याच्या काय कामाची? तो तर पुढच्या विमानाची वाट पाहत असतो. तुझा आकडा खोटा नाही. पण आपण विचारलं होतं, की गावाला झोप लागेल का. त्याचं उत्तर त्या आकड्यात कुठे आहे?”

“अहो, पण दुहेरी काचा देतोच आहोत ना आम्ही,” शेठ म्हणाले.

“उन्हाळ्यात गाव अंगणात बाजा टाकून झोपतं. आभाळाला काच लावणार का?”

“गावची मुलं आमच्याकडे कामाला आहेत. त्यांच्या पोटावर पाय देताय तुम्ही.”

“मुलं कष्ट करतात, त्याचे दाम घेतात. त्यात उपकार कुणाचे नाहीत.” गुरुजींचा आवाज चढला नाही, पण त्यातला मऊपणा संपला होता. “दिवसाचं आभाळ आम्ही तुम्हाला दिलं आणि कधी कुरकुर केली नाही. गायरान देताना एक रात्र तेवढी मागे ठेवली. ती मिळायची नाही. सूनबाई, दुसरा स्वयंपाक आण आता. पाहुणा उपाशी जाता कामा नये.”

शेठ जेवले. मिठाचं जेवले, पण गप्प जेवले.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. सभा सुरू होण्याआधी शेठनी रंगनाथला बाजूला घेतलं. “तुमचा धाकटा भाऊ आमच्याकडे सामान चढवण्याच्या कामावर आहे ना? गुणी मुलगा आहे. विचार करून बोला, सरपंच.”

रंगनाथची नजर गर्दीत धाकट्याला शोधू लागली. भावाचं लग्न ठरलेलं होतं, ते या नोकरीवरच. सभा सुरू झाली तसा तो उभा राहिला.

“मी आज हो म्हणायला निघालो होतो,” तो म्हणाला. “आता नाही म्हणतो. रात्र द्यायची नाही. आणि एक गोष्ट लपवत नाही. शेठनी आत्ताच मला माझ्या भावाच्या नोकरीची आठवण करून दिली. त्यामुळे माझ्या बोलण्याची किंमत कोण मोजणार, ते मला ठाऊक आहे.”

मागच्या रांगेतून धाकटा भाऊ उठला. “दादा, तू बोल. नोकरी दुसरी बघता येईल.”

संमतीसाठी काही हात वर झाले. ज्यांच्या घरची चूल विमानतळावर पेटत होती, त्यांचे. त्यांना कुणी बोल लावला नाही. मग विरोधातले हात विचारले, आणि पटांगणभर हात उभे राहिले. भिकोबाने प्लॅस्टरमधला हातही उचलायचा प्रयत्न केला.

“विमानं दुसऱ्या शहरात जातील,” शेठ जाता जाता म्हणाले. “मग रडाल.”

“जाऊ द्या,” रंगनाथ म्हणाला. “तिथल्या माणसांनाही आधी विचारा. त्यांनाही रात्री झोपच लागते.”

सभा उठली तसा तो गुरुजींच्या घराकडे सुटला. ही बातमी आपल्याच तोंडून त्यांना कळावी, अशी त्याला अनावर ओढ लागली होती. गुरुजी पडवीत आपल्या नेहमीच्या वेळी झोपी गेले होते. त्यांचा श्वास संथ चालला होता. हाक मारायला रंगनाथने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. थोडा वेळ तो पायरीशी उभा राहिला. मग त्याने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच, पाऊल न वाजवता, तो फाटकाबाहेर पडला.