करवंटीतली शाई

“विष शंभर वर्षं सुटणार नाही म्हणतेस. पण धरणार कोण?” लतीफबाबांनी विचारलं.

“माती,” हेमांगी म्हणाली. “सड्यावरची तांबडी माती.”

लतीफबाबा पूर्वीचे रंगारी, आता दर्ग्यातले फकीर. हेमांगी लहानपणी त्यांच्याच हाताखाली रंग कालवायला शिकली. पुढे शहरात जाऊन मातीची पंडित झाली. विद्या फार, अन् ती थोडी डोक्यात गेलेली.

वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, कातडी कमावायचा बंद कारखाना. त्याचं विष जमिनीत मुरलेलं. अन् खाली वाडीची एकच विहीर. पाणी प्यावं की नाही, ते हिनं सांगायचं होतं.

सांगूनही झालं होतं. संगणकावर गणित मांडलं, सही ठोकली : खुशाल प्या.

“मातीच्या कणावर भार असतो, बाबा. विषावर त्याच्या उलटा. लोहचुंबकाला टाचणी चिकटावी तसं चिकटतं. सुटायचं नाही.”

“अन् कणाचा भार बदलला तर?”

“तो कशाला बदलेल? एकदा मोजलाय मी.”

“हं…”

बाबांनी एक करवंटी घेतली. तिचा डोळा टोचून मोकळा केला, तांबडी माती दाबून भरली, वरून शाईचं निळं पाणी ओतलं.

खाली थेंब पडले. नितळ.

हेमांगी हसली. “बघा! तुमची करवंटीसुद्धा माझ्याच बाजूची.”

बाबांनी पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला, तांब्यातल्या पाण्यात ढवळला अन् त्याच मातीवर ओतला.

एक थेंब पडला…

निळा.

मग निळी धारच लागली.

हेमांगीच्या तोंडचं पाणी पळालं. “चुना… चुन्यानं भारच उलटला…”

“काय झालं?”

“माती आंबट आहे, काजू धरत नाही, म्हणून… सड्यावर मीच चुना टाकायला लावला, बाबा. दोन ट्रक.”

“कधी?”

“पंधरवडा झाला.”

“अन् परवाचा पाऊस?”

ती उठून दाराशी गेली.

खाली विहिरीवर रहाट करकरला. कुणीतरी घागर भरत होतं.

हेमांगीनं पिशवीतून सहीचा कागद काढला. फाडायला गेली.

बाबांनी तिचं मनगट धरलं. कोनाड्यातली कोयती काढून तिच्या हातात ठेवली.

“कागद मग फाड, बेटी. आधी रहाटाचा दोर काप.”