कोरड्या विहिरीची पायवाट

पोसो सेको गावाच्या पश्चिमेला पांढऱ्या मातीत एक पायवाट दिसते. सरळ जाते आणि काळ्या टेकड्यांपाशी संपते. तिथे पाणी नाही, सावली नाही, साधा निवडुंगही नाही. वाटेच्या गावाकडच्या टोकाला काळ्या दगडांचा ढीग आहे. असा दगड गावात दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

गावातली सेलेस्तिना आजी पाहुण्यांना आधी त्या ढिगापाशी नेते. ती म्हणते, हे दगड एका बाईने डोक्यावरून आणलेत. तिचे नाव ती सांगत नाही. मेलेल्या माणसाचे नाव घ्यायची इथे रीत नाही. गाव तिला घागरवाली म्हणते.

त्या काळी दक्षिणेकडून स्पॅनिश घोडेस्वार वाळवंटात शिरू लागले होते. शेजारच्या एका गावात ते आले, तेव्हा त्यांच्या घोड्यांनी तिथले पाणी दोन दिवसांत संपवले, असे सांगतात. माणसे धरून खाणीवर नेली. मागे राहिली ती तहानेने गेली.

या गावाचे पाणी पूर्वेच्या कपारीत, खडकातल्या टाक्यात होते. वरून दिसत नसे. पाऊस पडेपर्यंत साऱ्या गावाला तेवढेच. घोडेस्वार दोन दिवसांवर आल्याची बातमी आली, तेव्हा बायकांनी झुडपांच्या फांद्यांनी टाक्याची वाट झाडून काढली. घोडेस्वार जाईपर्यंत तिकडे कोणी पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. ज्याच्या घरात जेवढे पाणी, त्यावर त्याने भागवायचे.

घागरवालीच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. तिचे दूध आटले होते. मुलीसाठी म्हणून एक गाडगे पाणी तिने झाकून ठेवले होते. दिवसातून दहा वेळा ती झाकण काढून बघायची. मुलीच्या टाळूवर बोट ठेवायची. टाळू खोल गेली नाही ना, खालचे फडके ओले होते ना, एवढेच तिच्या मनात.

पण घोडेस्वारांबरोबर माग काढणारा एक माणूस होता. वाळवंटातलाच, पकडून आणलेला. नुसती झाडलेली जमीन त्याला फसवणार नव्हती. त्याला दुसरा माग दाखवायला हवा होता, हे तिच्या ध्यानात आले. पाण्याला जाणारे पाऊल हलके असते, भरली घागर घेऊन येणारे खोल रुतते. म्हणून ती रिकामी घागर घेऊन पश्चिमेला गेली. काळ्या टेकडीपाशी घागरीत दगड भरले, चुंबळीवर घागर घेतली आणि परत आली. दगड ओतले, पुन्हा गेली. दोन दिवस, म्हणे, ती अशीच जात-येत होती. तळपायांची साले निघाली.

सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "पोर कोरडं पडलंय आणि तू दगड वाहतेस! आणि वाहतेस ते पण अर्धवट. अगं, जन्म गेला माझा पाणी वाहण्यात. भरली घागर थेंब न सांडता कधी घरी आलीय का?"

घागरवाली जागीच थांबली. तिने मागे वळून पाहिले. सगळी वाट पावलांनी भरली होती, पण धुळीत थेंबाचा एकही खळगा नव्हता. दक्षिणेला धूळ उडताना दिसत होती.

घराघरातून भांडी पालथी करून पाहिली. कोणाकडे घोटभर, कोणाकडे तेवढेही नाही. भरलेले होते ते एकच गाडगे.

"ते नको गं," सासू म्हणाली. "मी आपली उगाच बोलले. तिच्या तोंडचं आहे ते."

 घागरवाली गाडगे उचलून वाटेला लागली. चार पावलांवर एक थेंब, पुन्हा चार पावलांवर एक. तळाशी राहिलेला शेवटचा घोट तिने परत आणून मुलीला पाजला.

घोडेस्वार आले. माग काढणारा वाटेवर वाकला. धुळीतल्या एका खळग्यात त्याने बोट घातले. मग मान वर करून तिच्या कडेवरच्या मुलीचे फुटलेले ओठ पाहिले, बराच वेळ. "पाणी पश्चिमेला आहे," तो म्हणाला. त्याला सगळे कळले होते, असे आजी म्हणते.

घोडेस्वार त्याच्यामागून पश्चिमेला, टेकड्यांच्याही पलीकडे गेले, पण दोन पहारेकरी गावात ठेवून. टाके हाकेच्या अंतरावर, आणि जाता येईना. दुसऱ्या दिवशी मुलीचे रडणे थांबले. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. चौथ्या दिवशी निम्मे घोडे गमावून स्वार परतले आणि न थांबता दक्षिणेला निघून गेले. माग काढणारा त्यांच्यात नव्हता. त्यांनी नकाशावर या जागेचे नाव लिहिले, पोसो सेको, म्हणजे कोरडी विहीर. पुन्हा कोणी पाणी शोधत आले नाही. गाव जगले.

आजही उन्हाळ्याच्या शेवटी, टाक्याचा तळ दिसू लागला की गावातल्या बायका भरली घागर घेऊन त्या वाटेने जातात आणि चार पावलांवर एक थेंब सांडतात. ऊन कितीही असो, वाटेत त्यातले पाणी कोणी पीत नाही. तळाचा घोट मात्र सांडायचा नाही. तो परत आणतात आणि गावात जे सगळ्यांत लहान मूल असेल, त्याला पाजतात. ते मूल घोट गिळेपर्यंत त्याच्या आईशी कोणी बोलत नाही.