नावाड्याचा निरोप

नदीवर पूल बांधायचं अजून कुणालाच सुचलं नव्हतं, इतक्या जुन्या काळी एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी राहत असे. अलीकडच्या काठावर त्याची झोपडी, पलीकडच्या काठावर प्रभूचं लहानसं मंदिर. मंदिराच्या छपरावर लाकडी क्रूस होता. तो झोपडीच्या दारातून रोज दिसायचा.

दर रविवारी अलीकडच्या गावातली माणसं उपासनेला पलीकडे जात. नावाडी त्यांना नेई, उपासना संपली की परत आणी. त्याने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही की पाण्यात भिजू दिलं नाही. माणूस भला होता, याविषयी दोन्ही काठांवर एकमत होतं. पण छोट्यांनो आणि मोठ्यांनो, इतक्या माणसांना मंदिराच्या दाराशी पोचवणारा हा भला माणूस स्वतः मात्र कधी मंदिरात गेला नाही. तो नावेतच बसून राही.

देवावर त्याचा राग होता असं नाही, उलट भारी आदर होता. म्हणून तर तो काहीबाही पाठवत असे. वेलावरचा पहिला भोपळा कुणाच्या तरी हाती देई आणि म्हणे, "एवढा देवापुढे ठेवा. आणि पाळकबाबांना सांगा, म्हणावं, माझा खांदा दुखतोय, जरा देवाच्या कानावर घाला."

मंदिरातले म्हातारे पाळक मनाने मऊ होते. प्रार्थनेच्या शेवटी ते न चुकता म्हणत, "हे देवबापा, नदीवर बसलेल्या आमच्या भावाचीही आठवण ठेव." हे कुणीतरी नावाड्याला येऊन सांगे. मग तो समाधानाने मान हलवी. आपलं देवाशी चांगलं चाललंय, असं त्याला वाटे.

त्याची बायको मात्र उपासनेला आत जायची. ती देवाशी घरीही बोलायची. चूल फुंकताना बोलायची, जाळ्याची भोकं शिवताना बोलायची, भांडल्यासारखंही बोलायची. नावाड्याला त्याची गंमत वाटे.

ती म्हणायची, "अहो, एकदा आत चला की."

"नाव कोण सांभाळील?"

"नाव खुंटीला बांधता येते. तुम्हालाच बांधून घ्यायचं नाही."

"अगं, मला कुठे ते मोठमोठे शब्द येतात? पाळकबाबा बोलतात ना माझ्या वतीने."

यावर ती हसे. "मला बघायला यायचं तेव्हाही तुम्ही मामांनाच पाठवलं होतं. लाज वाटली म्हणे! बरं, पसंती मामांनी दिली. पण संसार तर मामांनी नाही ना केला माझ्याशी? आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, ते काय खोटं?"

नावाडीही हसे आणि म्हणे, "येईन गं. जरा म्हातारा होऊ दे. हात थकले की बसायचंच आहे त्याच्यापाशी."

अशी तीस वर्षं गेली.

एका हिवाळ्यात बायको आजारी पडली. अंगात ताप भरला आणि छातीत कफ दाटला. वैद्याचा काढा झाला, शेक झाला, पण तिला उतार पडेना. एके सकाळी तिला एकदम स्वच्छ शुद्ध आली. तिने नवऱ्याला जवळ बोलावलं. शेजारची मावशी उशाशी बसली होती.

"आता माझं फार राहिलेलं नाही," ती म्हणाली. "मला जायची भीती वाटत नाही. ज्याच्याकडे चाललेय त्याला मी ओळखते. काळजी आहे ती तुमची. माझ्यामागे तुम्ही बोलणार कुणाशी?"

नावाड्याला हुंदका आवरेना. "मी पाळकबाबांना घेऊन येतो. ते प्रार्थना करतील. त्यांच्या प्रार्थनेला गुण आहे."

"परवाच येऊन करून गेले ते. आज तुम्ही करा."

"मी?"

"इथे बसा, माझा हात धरा आणि त्याच्याशी दोन शब्द बोला. मला ऐकायचंय. तुमची दोघांची ओळख झालेली डोळ्यांनी बघू दे, मग मी निवांत जाईन."

नावाडी गुडघे टेकून बसला. त्याने तिचा हात धरला आणि तोंड उघडलं. आणि काय सांगावं, त्याला लाज वाटली! तीस वर्षं निरोप धाडल्यावर आता समोरासमोर काय बोलायचं? हाक तरी काय म्हणून मारायची? एखादा शब्द चुकला तर? आपल्या चुकलेल्या शब्दामुळे हिचं बरंवाईट झालं तर?

"माझ्याशी बोलता ना, तसंच बोला," ती हळूच म्हणाली.

त्याने हात सोडला आणि उठला. "आलोच मी. असा जातो आणि असा त्यांना घेऊन येतो."

"अहो, नका जाऊ," ती म्हणाली. पण तो दाराबाहेर पडला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यानेही शंभरदा वापरली असेल. त्या सकाळी ती त्याला आठवली नाही. ज्या देवाला गाठायला निघालो तो आपल्या झोपडीतच, बायकोच्या उशाशी आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुखरा खांदा विसरून त्याने वल्ही मारली. मंदिराला कुलूप होतं. पाळक शेतांपलीकडच्या वाडीत कुणाच्या तरी मळणीला आशीर्वाद द्यायला गेले होते. नावाडी ढेकळं तुडवत तिकडे धावला. म्हाताऱ्यांना हाताला धरून, जवळजवळ ओढतच त्याने नदीवर आणलं. नाव परत अलीकडे लागली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

मावशी दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून नावाडी उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तू गेल्यावर थोड्याच वेळात गेली रे," मावशी म्हणाली.

"काही म्हणाली?"

"मला नाही. देवाशीच बोलत होती. म्हणत होती, 'ते येतील. मन वाईट नाही त्यांचं, नुसते लाजतात. मलाही फार वाट बघायला लावली होती. तू तेवढी त्यांची वाट बघ.' एवढं बोलली आणि डोळे मिटले."

नावाडी आत जाऊन बायकोजवळ बसला. त्याने तिचा हात पुन्हा हातात घेतला. तो हात आता गार पडला होता.

पाळकांनी पवित्र शास्त्र उघडलं, पण लगेच मिटून ठेवलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "बाळा, यात माझाही दोष आहे. तुझे निरोप मी इतकी वर्षं पोचवत राहिलो. मला वाटायचं, बिचारा कामात अडकलाय, आपण मदत करावी. एकदा तरी नदीवर येऊन तुला म्हणायला हवं होतं, की प्रभूने आपला जीव देऊन देव आणि माणसामधला पडदा फाडला आहे, तू सरळ आत ये. आजची प्रार्थना मी करणार नाही. तिने ती तुझ्याकडे मागितली होती."

मग नावाड्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारली.

"देवा," तो म्हणाला, "मी हिचा नवरा."

आणि तो लहान मुलासारखा रडला. पुढे त्याला जे बोलता आलं ते तुटकतुटक होतं. उशीर झाला, चुकलो, मला टाकू नकोस, एवढंच. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. देवाने ते ऐकलं, कारण देव तीस वर्षं तेवढंच ऐकायला थांबला होता. नावाड्याला आपल्या पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. पाळक आणि मावशी तर दूर उभे होते.

त्या दिवसापासून तो देवाशी रोज बोलू लागला आणि दर रविवारी मंदिरात सर्वांबरोबर बसू लागला. देवाने त्याला क्षमा केली, याची त्याला खात्री होती. पण एक गोष्ट देवानेही मागे फिरवली नाही. जिला हे शब्द ऐकायचे होते, तिच्या कानांवर ते तिच्या जिवंतपणी पडले नाहीत.

पुढे तो खूप म्हातारा झाला. नवीन लग्न झालेली जोडपी नावेत बसली की म्हणत, "बाबा, आमच्यासाठी प्रार्थना करा हं."

तो म्हणे, "करीन की. पण आधी तुम्ही करा. दोघांनी, एकमेकांना ऐकू जाईल अशी. आत्ता, इथेच." ती लाजत, एकमेकांकडे बघून हसत, "घरी गेल्यावर करू" म्हणत. तेव्हा म्हातारा वल्हं थांबवी आणि त्यांना आपल्या बायकोची गोष्ट सांगे. ती सांगताना त्याचा आवाज दर वेळी तिथेच अडे, जिथे त्याने तिचा हात सोडला होता.

तात्पर्य: देवाकडे दुसऱ्याच्या तोंडी निरोप धाडू नका, सगळं मन घेऊन स्वतः जा, आणि आजच जा.