लाल फडक्यांची गोधडी

"...आणि बाबा, नळ तर कुठंच वाकलेला नाही. मग माझा भाऊ चुकला कसा?"

विचारणारे परुळेकर साहेब. वाळवंटातून तेलाचा लांबच लांब नळ टाकणारे इंजिनियर. इतके शिकलेले की वारं सुटलं तरी म्हणायचे, आम्हाला न विचारता?

समोर दौलतशा फकीर. शिक्षणाच्या नावानं अंगठा. भर दुपारी, वाळू भाजत असताना, गोधडी पांघरून बसलेला. येडाच की!

"कोण भाऊ?"

"शिरू. धाकटा. नळाच्या आधी वाट आखायला पुढं गेला होता. खुंटी ठोकायची, पुढं जायचं. परत येताना त्याच खुंट्या बघत यायचं."

"एकटा?"

"एक उंटवाला वाटाड्या सोबत द्या म्हणत होता. मी म्हटलं, अरे, खुंट्या आहेत की! त्यांना विडी लागत नाही."

बरोबरच आहे. साहेबांचा हिशेब कधी चुकला नाही. भाऊ तेवढा चुकला.

पुढं तेल पोचलं. हारतुरे झाले. नळाच्या इतिहासाचं पुस्तक निघालं, चांगलं उशाला घेण्याजोगं. त्यात शिरूला एकच शब्द मिळाला, बेपत्ता. आई मरेपर्यंत दाराला कडी लावत नव्हती.

फकिरानं गोधडीची कड चाचपली.

"खुंट्यांना काय बांधलं होतं?"

"लाल फडकी. लांबून दिसावीत म्हणून."

फकिरानं अंगावरची गोधडी काढली. साहेबांच्या मांडीवर ठेवली.

उन्हानं विटली होती, तरी लाल. सगळीच लाल. तुकड्यातुकड्याच्या कोपऱ्यात काळ्या रंगाचे आकडे. शिरूच्या हातचे.

साहेबांचा चष्मा घसरला. वर कुणी सारला नाही.

"इकडं नवसाचं फडकं झुडपाला बांधतात," फकीर म्हणाला. "फकिरानं ते सोडलं की नवस फिटला. मला वाटलं, एवढी फडकी... कुणाचं तरी दुःख फार मोठं आहे. एकेक सोडत गेलो. दुवा देत."

"...मग?"

"मग मेंढपाळ सांगत आले, एक पोरगा वाळूत लाल फडकी शोधत फिरतोय. मी ही फडकी घेऊन धावलो. वावटळ होऊन गेली होती. पोरगा नाही, खुंट्या नाहीत... बांधू कशाला?"

साहेबांनी आपली टेकायची काठी उचलली. खाली ठेवली. मारायला तिथं दोनच माणसं होती.

साहेबांनी गोधडी उचलून धरली.

"ही घेऊन मी काय करू?"

"पांघरून बघ," फकीर म्हणाला. उन्हात बसून कुडकुडत होता. "ऊब आली तर मला सांग... मला अजून आलेली नाही."