टिचकी पाल आणि पडलेला गिलावा

एक होती पाल. इवलीशी. नाव तिचं टिचकी.

टिचकी राहायची बापूकाकांच्या घराच्या मागच्या भिंतीत. भिंतीच्या गिलाव्याला होती एक फट. फटीत टिचकीचं घर. आत ऊब. आत अंधार. शेपटी गुंडाळून झोपायला मऊ मऊ जागा.

एकदा पाऊस आला. रिपरिप रिपरिप. फटीत पाणी शिरलं. गिलावा फुगला. बापूकाकांच्या पोटासारखा फुगला. आणि पडला. धप्प.

टिचकी पण पडली. पच्च. चिखलात. वर बघते तर घर नाही. नुसत्या लाल लाल विटा.

तारेवर बसला होता कावळा. त्याने एक डोळा मिटला. म्हणाला, "ये ये टिचके. माझ्या पोटात जागा आहे."

टिचकी घाबरली. पळाली. सुरसुर सुरसुर, थांब. सुरसुर सुरसुर, थांब.

ती गेली भिंतीकडे.
"भिंतीबाई, भिंतीबाई, माझं घर दे. मी झोपू कुठे?"
भिंत म्हणाली, "मीच नागडी झालेय गं. तुला कुठे लपवू? आधी हरबामामाला सांग. मामा गिलावा लावल्याशिवाय मी घर देणार नाही."

कावळा म्हणाला, "माझ्या पोटात जागा आहे."

सुरसुर सुरसुर, थांब. टिचकी गेली हरबा गवंड्याकडे. मामा पोत्यावर बसून थापी पुसत होता.
"मामा, मामा, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
मामा म्हणाला, "ओल्या भिंतीला गिलावा लावू? आज लावीन, उद्या गळून पडेल. ऊन पडल्याशिवाय मी गिलावा लावणार नाही."

कावळा म्हणाला, "माझ्या पोटात जागा आहे."

सुरसुर सुरसुर, थांब. टिचकी चढली कौलावर. ऊन होतं ढगामागे, जांभया देत.
"उन्हा, उन्हा, मामा गिलावा लावेना, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
ऊन म्हणालं, "माझ्या तोंडावर ढग बसलाय. तो सरल्याशिवाय मी पडणार नाही."

कावळा जरा जवळ सरकला. म्हणाला, "माझ्या पोटात जागा आहे."

टिचकीने मान वर केली.
"ढगोबा, ढगोबा, ऊन पडेना, मामा गिलावा लावेना, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
ढग म्हणाला, "मी जाडा. मला पाय नाहीत. वारा सुटल्याशिवाय मी सरणार नाही."

सुरसुर सुरसुर, थांब. टिचकी गेली शेवग्याच्या झाडावर. वारा फांदीला लोंबकळत होता.
"वाऱ्या, वाऱ्या, ढग सरेना, ऊन पडेना, मामा गिलावा लावेना, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
वारा रुसला होता. म्हणाला, "पडवीचा पत्रा सुटलाय. मी सुटलो की तो वाजतो खड खड खड. मग बापूकाका मला शिव्या घालतात. त्यांनी पत्रा ठोकल्याशिवाय मी सुटणार नाही."

कावळा आणखी जवळ सरकला. चोच पुसली. म्हणाला, "माझ्या पोटात जागा आहे."

सुरसुर सुरसुर सुरसुर. थांबलीच नाही टिचकी.

पडवीत होती बाज. बाजेवर होते बापूकाका. पोटावर होता हात. हात खाजवत होता पोट. खर खर खर.
"काका, काका, वारा सुटेना, ढग सरेना, ऊन पडेना, मामा गिलावा लावेना, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
काका म्हणाले, "ठोकतो की पत्रा. पण चहा कुठाय? काकूने चहा दिल्याशिवाय मी पत्रा ठोकणार नाही."

सुरसुर सुरसुर, थांब. टिचकी गेली स्वयंपाकघरात. शेवंताकाकू दूध झाकत होत्या.
"काकू, काकू, काका पत्रा ठोकेना, वारा सुटेना, ढग सरेना, ऊन पडेना, मामा गिलावा लावेना, भिंत घर देईना. मी झोपू कुठे?"
काकू म्हणाल्या, "त्यांना चहा? दिवाळीपासून तो पत्रा लोंबतोय. त्यांनी पत्रा ठोकल्याशिवाय मी चहा देणार नाही."

झालं. काका म्हणतात आधी चहा. काकू म्हणतात आधी पत्रा. आता टिचकीने जायचं कोणाकडे? कोणीच उरलं नाही. उरला फक्त कावळा. तो खिडकीत येऊन बसला होता.

काकू तावातावाने पडवीत गेल्या. टिचकी गेली मागे मागे, भिंतीवरून.
काकू म्हणाल्या, "अहो, आज पत्रा ठोकला नाहीत ना, तर तो तुमच्याच टकलावर पडणार."

आणि टिचकीला आलं रडू. आता पाल कशी रडते?

चुक चुक चुक.

काकूंनी वर बघितलं. काकांनी वर बघितलं. कोणी काही बोललं आणि पाल चुकचुकली, की बोललेलं खरं होतं. त्या घरात सगळेच असं मानतात. काकूंनी बोटाने जमिनीवर टकटक केलं.
"खरं होणार," काकू म्हणाल्या.

काकांनी टकलावर हात ठेवला. वर पत्रा बघितला. पत्रा हलला. खड.

काका टुणकन उठले. हातोडी कुठे, खिळे कुठे, शिडी कुठे? सगळं सापडलं.

काकांनी पत्रा ठोकला. ठक ठक ठक.
काकूंनी चहा दिला. फुर्र फुर्र.
वारा सुटला. सूं सूं सूं.
ढग सरला. घरंगळत घरंगळत.
ऊन पडलं. चट चट चट.
भिंत वाळली.
हरबामामाने गिलावा लावला. थाप थाप थाप.

आणि भिंत म्हणाली, "मामा, खिडकीखाली बोटभर जागा सोड. तिथे आमची टिचकी राहते."

मामाने बोटभर जागा सोडली. टिचकी आत शिरली. सुरसुर, गुडुप.

कावळ्याने चोच घातली. चोच शिरेना. दुसऱ्या बाजूने घातली. तरी शिरेना. कावळा म्हणाला, "मला भूकच नव्हती." आणि उडून गेला.

जाताना मामाने काकांना दटावलं. "बापू, मागच्या खेपेला तू भिंतीला पाणी मारलं नाहीस. म्हणून ती उन्हात तडकली. म्हणून फटीत पाऊस शिरला. म्हणून गिलावा पडला. नवा गिलावा तहानलेला असतो. त्याला सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. कळलं?"

"कळलं की," काका म्हणाले. आणि बाजेवर आडवे झाले.

संध्याकाळ झाली. काकू म्हणाल्या, "पाणी मारा."
काका म्हणाले, "उद्या मारतो."
काकू म्हणाल्या, "उद्या मारलंत तर गिलावा पुन्हा पडणार. आणि या वेळी चहा कायमचा बंद."

खिडकीखालच्या फटीत टिचकी शेपटी गुंडाळून पडली होती. तिला रडू येत नव्हतं. मुळीच येत नव्हतं. तरी ती म्हणाली,

चुक चुक चुक.

काका टुणकन उठले. बादली घेतली. भिंतीवर पाणी मारलं. सप्प सप्प सप्प.

तेव्हापासून रोज काका म्हणतात, उद्या. रोज काकू म्हणतात, आज. आणि रोज फटीतून कोण बोलतं?

चुक चुक चुक.

भिंत प्याली पाणी, काका प्याले चहा. कावळा गेला उपाशी, टिचकी झोपली घरात. आता तुम्ही पण डोळे मिटा.